कुरणात भरलेली शाळा

पोर शाळेत का येत नाही, हे कळायला पाड्यावर गेलेल्या शिक्षिकांना फार चौकशी करावी लागली नाही. मुलगा गुरांमागे रानात गेलेला असे. मुलगी दारातच असे, पण कडेवर धाकटं भावंड. आईबाप उजाडताच गवत कापायला, नाहीतर जमीनमालकाच्या वाडीत कामाला गेलेले. डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवरचं स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं हे चित्र. शाळेच्या वेळात मुलं रिकामी नव्हतीच. घरातला कामाचा वाटा त्यांच्याकडेही होता.

अशा वेळी कागदावर एक ठरलेला शेरा पडतो, ‘पालक उदासीन’. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो मारला नाही. गुराख्याला गुरं सोडून येता येत नाही, तर शाळा कुरणात भरवायची, असं त्यांनी ठरवलं. त्यातून ‘कुरणशाळा’ उभी राहिली. मुलीला भावंड टाकून येता येत नाही, तर तिने भावंडासकट यावं आणि त्या तान्ह्यासाठी शाळेच्याच आवारात पाळणाघर असावं, हेही त्यांनीच ठरवलं. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवणारी ‘विकासवाडी’ कोसबाडच्या टेकडीवर उभी राहिली. तिचं मूळ या कडेवरच्या भावंडात आहे.

मूल शाळेसाठी तयार झालं आहे का, हा प्रश्न आपण आजही विचारतो. बालवर्गाच्या प्रवेशापासून पहिलीच्या पहिल्या चाचणीपर्यंत सगळी यंत्रणा त्याच प्रश्नाभोवती फिरते. कोसबाडला प्रश्न उलटा होता. या मुलासाठी शाळा तयार आहे का? लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल महाराष्ट्रात विचारला गेलेला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असं मला वाटतं. तो विचारून पाऊणशे वर्षं होत आली, तरी आपण त्याचं उत्तर पुरतं दिलेलं नाही. म्हणून हा लेख.

ताराबाई मुंबईच्या. जन्म १८९२ चा, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या घरातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. बायकांनी पदवी घेणं तेव्हा दुर्मीळ होतं. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत काढली. पुढे संसार मोडला. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद मिळालं. पगार होता, मान होता. तिथे असताना भावनगरच्या एका बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानावर आली आणि प्राचार्यपद सोडून त्या तिकडे गेल्या.

ते बालमंदिर गिजुभाई बधेका यांचं. गिजुभाई मूळचे वकील. घरात मूल जन्माला आलं तेव्हा त्याला कसं वाढवावं या विचारात त्यांनी मारिया मॉन्टेसरींचं लेखन वाचलं आणि वकिली सोडली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मॉन्टेसरीबाईंनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली पहिलं बालगृह उघडलं होतं. तेरा वर्षांत ती पद्धत काठेवाडात पोचली होती. मूल स्वतःच्या हातांनी शिकतं, त्याला हवं ते काम हवा तितका वेळ करू द्यावं, बक्षीस नको आणि शिक्षा तर नकोच, मोठ्या माणसाने मध्ये पडण्याआधी नीट पाहावं, हा तिचा गाभा.

गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी ती पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. मॉन्टेसरीबाईंना लहान वयात परीकथा फारशा पसंत नव्हत्या. मुलाने आधी खऱ्या जगाशी ओळख करून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्ट हा दिवसाचा कणाच होता. लोककथा, बडबडगाणी, गरबा, मुलांनीच केलेली नाटकं, हे सगळं तिथे आलं. ज्या प्रांतात आजी झोपताना गोष्ट सांगते तिथे गोष्टीवाचून शाळा चालवणं त्यांना पटलं नसावं, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, काचकागदावरची अक्षरं, शांततेचा खेळ, या मॉन्टेसरी पद्धतीतल्या गोष्टी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांना ठाऊक झाल्या त्या या चळवळीमुळे.

पण हे सगळं शहरात होतं. साहित्य सुताराकडून नेमक्या मापात करून घ्यावं लागे आणि त्याला पैसे पडत. खेड्यातल्या, त्यातही सगळ्यांत गरीब मुलापर्यंत हे कसं न्यायचं, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मुक्काम हलवला. १९४५ च्या डिसेंबरात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

तिथे त्यांच्यासोबत अनुताई होत्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच मिटत असे. घरच्यांनी त्यांना शिकवलं. नाशिक जिल्ह्यात त्यांनी मास्तरकी केली. मग पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलं, आणि शिकवता शिकवता रात्रशाळेत बसून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. कस्तुरबा स्मारक निधीच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पुण्याची पक्की नोकरी होती, ती त्यांनी सोडली. पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत, त्या याच पट्ट्यात राहिल्या. बी.ए.ची परीक्षा त्यांनी या कामाच्या धबडग्यात, पन्नाशी उलटल्यावर दिली.

बोर्डी तेव्हा कशी होती, हेही लक्षात घ्यायला हवं. समुद्रकाठी सुरूची बनं आणि चिकूच्या वाड्या, आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. १९४५ च्याच मे महिन्यात त्या परिसरात, झरी गावी, वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला नकार दिला गेला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिकत सांगितली आहे. वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी राबणारा लग्नगडी, खावटीचं कर्ज, या सगळ्यातून माणसं मान वर काढत होती. ज्या घरातल्या माणसाला स्वतःच्या दिवसावर हक्क नाही, त्या घरातलं मूल वेळेवर आंघोळ करून बालवाडीत येईल, ही अपेक्षाच चुकीची होती. मुलं आपण होऊन आली नाहीत, यात नवल नव्हतं.

मग बालवाडीच वस्तीत गेली. हरिजनवाड्यातलं, पाड्यातलं एखादं अंगण झाडून घ्यायचं, मुलांना गोळा करायचं, हात-तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. हे डोळ्यांसमोर चाललेलं असल्यामुळे आया आपसूक जवळ यायच्या. ताराबाईंनी या प्रकाराला अंगणवाडी म्हटलं. पुढे देशभर तेच नाव चाललं.

साहित्याचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. समुद्रकाठी शंख-शिंपले होते. रानात बिया, काटक्या, पानं, रंगीत खडे होते. चिंचोके प्रत्येक घरात होते. मॉन्टेसरीच्या साहित्याकडे नीट पाहिलं तर त्यात लाकूड महत्त्वाचं नसतं, फरक महत्त्वाचा असतो. लहान-मोठं, जाड-बारीक, गुळगुळीत-खरखरीत, हलकं-जड. मुलाने फरक ओळखावा, त्या फरकाप्रमाणे वस्तूंचे गट करावेत, मग त्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावाव्यात. गणिताची सुरुवात इथे असते, आकडे फार नंतर येतात. हे काम शिंपल्यांनी होतं आणि चिंचोक्यांनीही होतं. एकच गोष्ट सांभाळावी लागते. वस्तू कशासाठी मांडली आहे, हे शिक्षिकेला ठाऊक हवं. ते ठाऊक नसेल तर महागड्या पेटीतलं साहित्यही कपाटात धूळ खातं, आणि तशी कपाटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

कुरणशाळेचंही असंच. गुरं चरत असताना गुराख्याला मोकळा वेळ असतो, पण तो तुकड्यातुकड्यांत. एखादी गाय शेतात शिरली की उठून पळावं लागतं. त्यामुळे तिथे पंचेचाळीस मिनिटांचा तास चालत नाही. शिक्षकाला सोबत नेता येईल तेवढंच साहित्य, बाकीचं भोवती पडलेलं. आपल्या कळपात किती गुरं, त्यांतली दुभती किती, पाणवठ्यापर्यंत किती पावलं, कोणता पाला गुरं तोंडात घेत नाहीत. मुलाला आधीच ठाऊक असलेल्या या गोष्टींना आकडा आणि अक्षर मिळतं. १९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं ते अशा मुलांच्या आणखी जवळ जाण्यासाठी. त्या वर्षांतल्या आपल्या अनुभवांबद्दल अनुताईंनी पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिलं. शिक्षकाने ते वाचलेलं नसेल तर जरूर वाचावं.

या पद्धतीतलं आज काय उरलं आहे, हे पाहायचं म्हणून गेल्या थंडीत डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत सकाळ काढली. सेविका त्याच पाड्यातली. मुलं तिला ताई म्हणत होती आणि तिच्याशी घरी बोलतात तसंच बोलत होती.

खाऊची वेळ झाली. मुलं गोल करून बसली. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी ताटल्या मांडायला उठली. तिने मोजलं नाही. मोजता येतही नसावं. हातात मावतील तेवढ्या ताटल्या उचलल्या, एकेकापुढे ठेवत गेली आणि दोन मुलं उरली तेव्हा हात रिकामे झाले. ती परत गेली. या वेळी चार आणल्या. दोन मुलांपुढे ठेवल्या, तरी दोन हातात राहिल्या. ती थांबली. एक ताटली तिने स्वतःच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि उरलेली घेऊन ताईपुढे उभी राहिली. ताई म्हणाली, “तूच बघ, कोणाची आहे.” मुलीने गोलावरून एकदा नजर फिरवली, प्रत्येकापुढे ताटली आहे याची खात्री केली आणि हातातली ताटली ढिगावर ठेवून आली. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागली. वरण-भात तेवढा वेळ थांबला.

मी नंतर ताईला विचारलं, “तुम्ही तिला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर लगेच झालं असतं,” ती म्हणाली. “मग उद्या पुन्हा सांगायला लागलं असतं.”

एकास एक संगती, हा गणिताच्या पाठ्यक्रमातला शब्द तिने उच्चारला नाही. तिला तो माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही. त्या सकाळी तिने ती संगती शिकवली, आणि उत्तम शिकवली.

मुलं गेल्यावर ती मोबाइल घेऊन बसली. हजेरी, वजनं, उंच्या, आहाराची नोंद, सगळं पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरायचं. पाड्यावर रेंज एका विशिष्ट झाडाखालीच मिळते. शिवाय गरोदर बायकांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी मुलं जमवणं, वेळोवेळी येणारी सर्वेक्षणं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यांतल्या एक लाखाहून जास्त महाराष्ट्रात. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी या बाबतींत या योजनेने केलेलं काम मोठं आहे आणि ते कोणी कमी लेखू नये. पण ताराबाईंच्या अंगणात जे मध्यभागी होतं, ते तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं शिकणं, या योजनेत हळूहळू कडेला सरकलं. सेविकेचा दिवस पाहिला की का सरकलं, हे समजतं. तिला आपण आजही मानधनावर ठेवलं आहे. शिक्षिका म्हणून तिची नेमणूक नाही, तसा पगार नाही. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की वय तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा आहे. पाया इतका महत्त्वाचा असेल तर तो घालणाऱ्या बाईला शिक्षिकेचा दर्जा द्यायला हवा. याबाबत माझं मत ठाम आहे.

शहरात याच वयाच्या मुलाचं काय चालतं, तेही सांगितलं पाहिजे. पुण्यातल्या एका आईने मला आपल्या चार वर्षांच्या मुलाची वही दाखवली. पानं भरून उभ्या रेघा, मग आडव्या, मग कॅपिटल ए. प्रत्येक पानावर लाल पेनने बरोबरची खूण. मुलगा संध्याकाळी अभ्यासाला बसताना रडतो, म्हणून तिने विचारलं, काय करू? चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून घडत असतात, बोटांवर ताबा यायचा असतो. मातीचे गोळे वळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, यांतून तो ताबा येतो आणि मग पेन्सिल आपसूक हातात बसते. ही गोष्ट मॉन्टेसरीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिली होती. यशपाल समितीने १९९३ मध्ये मुलांवरच्या ओझ्याबद्दल बजावलं होतं. तरीही बालवर्गात वही आहे, गृहपाठ आहे. वही भरलेली दिसली की फी वसूल झाल्यासारखं पालकांना वाटतं, आणि शाळांनाही दाखवायला तेवढंच सोपं पडतं. त्या आईला मी सांगितलं, वही बंद करा, त्याला कणीक मळायला घ्या.

आता वाचनाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथे अडतं. शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे चारांतली तीन नाहीत. ही मुलं दोन-तीन वर्षं रोज शाळेत बसलेली आहेत.

मराठीत वाचन शिकवण्याची रूढ रीत अशी. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, मग वाक्य. पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलाला पहिलं अर्थपूर्ण वाक्य वाचायला अनेक महिने थांबावं लागतं. घरात पुस्तक असेल, कोणी वाचून दाखवत असेल, तर मूल हे महिने निभावून नेतं. वाचन कशासाठी असतं, हे त्याला आधीच माहीत असतं. ज्याच्या घरात छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीला येतो, त्याच्यासाठी हे महिने निव्वळ घोकंपट्टीचे. त्यातल्या त्यात हुशार मूल ती पाठ करून दाखवतं. बाकीची गप्प होत जातात.

या प्रश्नावर फलटणला झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणमधल्या बोलण्यातले भेद हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. फलटणच्याच दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र, छोट्या छोट्या गटांनी द्यायची, म्हणजे पहिल्याच गटापासून मूल खरे शब्द वाचू लागतं, हा तिथल्या वाचनपद्धतीचा एक महत्त्वाचा भाग. उदाहरण घेऊन पाहा. क, म, ल, ब आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, बाबा, काम, लाल, मला, कमाल हे शब्द होतात. त्यात एखादं अक्षर आणि एखादी वेलांटी आली की वाक्य होतं. मूल पहिल्या आठवड्यातच काहीतरी वाचतं, आणि वाचलेलं त्याला कळतं. त्या जोडीला रोज वाचून दाखवणं, चित्र काढून त्याखाली मुलाने सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून देणं, आणि जमेल तसं त्याला लिहू देणं. सुरुवातीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर तुटून पडायचं नाही.

‘त्याच्याच शब्दांत’ हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पाड्यावरचं मूल घरी वारली बोलतं. शाळेत त्याला प्रमाण मराठी भेटते, आणि पुष्कळदा शिक्षकही देशावरून बदली होऊन आलेला असतो. त्याला मुलाचं कळत नाही, मुलाला त्याचं. मग मूल बोलायचंच थांबतं. दोन-तीन महिन्यांत ‘मंद’ हा शिक्का बसतो. घरची बोली घेऊन येणाऱ्या मुलाला आधी तिच्यात बोलू द्यावं, त्याच्या गोष्टी, त्याची गाणी वर्गात यावीत आणि तिथून हळूहळू प्रमाण भाषेकडे पूल बांधावा, हे कोसबाडलाही कळलं होतं आणि फलटणलाही. अनुताईंच्या कामातून पुढे १९८२ मध्ये सुरू झालेली ग्राममंगल संस्था आणि प्रा. रमेश पानसे यांचं लेखन यांनी हा विचार डहाणूच्या पट्ट्यात आणि बाहेरही पुढे नेला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी रचनावादी पद्धतीने वर्ग चालवून दाखवले, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गाड्या करून गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे अशा शाळांचा मोठा वाटा होता. ते पाहून आलेल्यांच्या काही शाळांत फरशीवर रंगवलेल्या आकृत्या तेवढ्या उरल्या, हेही खरं. बघायला गेलेल्यांनी फरशी पाहिली, तिच्यावर बसलेल्या मुलाशी शिक्षक कसा बोलतो हे पाहायचं राहिलं.

कुरणशाळेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. शाळा कुरणात नेली म्हणजे मुलाने गुरं राखणं आपण मान्यच केलं. बालमजुरीशी ती तडजोड नव्हे का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर याचं उत्तर सरळ आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्णवेळ शाळा मिळाली पाहिजे, आणि कुरणशाळा हा आज तिला पर्याय होऊ शकत नाही. पण १९५० च्या दशकात त्या मुलासमोर पूर्णवेळ शाळा की कुरणशाळा, असा पर्याय नव्हता. कुरणशाळा नसती तर काहीच मिळालं नसतं. आणि ज्या ठिकाणी आजही काहीच नाही, तिथे ताराबाई-अनुताईंचा मार्गच उपयोगी पडतो, हे नंतर दिसून आलं आहे. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भट्टीवर मजूर राहतो त्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. आईबापांबरोबर आलेली मुलं चिखलात आणि विटांच्या रांगांत दिवस काढत होती, तिथेच भोंगा उभारून वर्ग घेतला गेला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या. नंतर मुलाला गावातच ठेवता यावं म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची सोय केली. यांतलं प्रत्येक पाऊल जिथे नीट पडलं, तिथे मुलं शिकली. जिथे निधी वेळेवर आला नाही, तिथे ती पुन्हा भट्टीवर गेली.

बालशिक्षणातल्या चांगल्या कामाची आपल्याकडे वानवा नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. सत्कार झाले, पुस्तकं निघाली. कमी पडतं ते रोजच्या रोज करायचं काम. पहिलीला सगळ्यांत अनुभवी शिक्षक देणं, अंगणवाडीच्या सेविकेला शिकवायला मोकळे दोन तास देणं, बालवर्गातून वही काढून टाकणं. यांतल्या कशालाही नवं संशोधन लागत नाही. बरंचसं तर पैशांवाचूनही होण्यासारखं आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पालघर, नंदुरबार, मेळघाट, मराठवाडा इथल्या कित्येक घरांची बांधाबांध सुरू झालेली असेल. दिवाळी झाली की ट्रक भरतील आणि माणसं भट्ट्यांवर, उसाच्या फडांवर जातील. मुलं सोबत असतील. तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल, बांधकाम चालू असेल, तर एकदा तिथे चक्कर मारा आणि किती मुलं आहेत ते पाहा. सहा वर्षांखालची असतील तर जवळच्या अंगणवाडीच्या ताईला सांगा. सहाच्या पुढची असतील तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. वर्षाच्या मध्यात आलं म्हणून, दाखला नाही म्हणून किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत घ्यायला नकार देता येत नाही. त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात बसवावं लागतं. कायदा तसंच सांगतो. मुख्याध्यापकांना हे माहीत असतं. पण मुलाच्या बाजूने विचारणारं कोणीतरी दारात उभं राहावं लागतं, आणि त्या मुलाचे आईबाप त्या वेळी विटा थापत असतात. म्हणून तुम्ही जा.